ढब्बू भुताचा गाल

जळगाव, मंगळवार, १२ मे

कूलर आजही बंदच. त्याच्या वाऱ्याने क्लेच्या बाहुल्या हलल्या की अ‍ॅनिमेशनसाठी काढलेला एकामागचा एक फोटो जुळत नाही. उकाड्याने ढब्बू भुताचा गाल पार ओघळला, म्हणून सकाळी मी ताज्या क्लेचा नवा बसवला.

आमच्या मालिकेतली सगळी भुतं सलीमभाईंनी घडवलेली. ते गेल्यापासून काम माझ्याकडे. त्यांच्या अंगठ्यावर जुना आडवा वण होता. त्याचा ठसा प्रत्येक भुताच्या गालावर असायचा, आणि तो पुसायचा नाही हा आमचा नियम.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी, भाभी, आल्या. आजचे फोटो जोडून दाखवले. ढब्बू स्वतःचंच मुंडकं शोधत पलंगाखाली शिरतो तिथे त्या हसल्या. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ये देखो, त्यांचा अंगठा. तुम्ही जपला अजून."

मी पाहिलं. आडवा वण. आता लिहितानाही पुन्हा पाहिला, आहे. माझ्या अंगठ्यावर तर साधा ओरखडाही नाही. मग हा कुणी...?

गाल आजचाच आहे, हे भाभींना सांगवलं नाही. निघताना त्या दारात थांबल्या आणि "चलती हूँ जी," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, ढब्बूकडे बघून.