नवमीच्या पानावरचा भुंगा

दत्ताराम यांस,

(चिरंजीव म्हणावं तर तुमची पंचाहत्तरी उलटली, तीर्थरूप म्हणावं तर मी वडील.) नमस्कार. गुडघे काय म्हणतात? माझे गिरगावातला जिना दिसला की कुरकुरतात.

लतिका गेली तरी तुम्ही बहिणीच्या नावानं नारळांचं पोतं पाठवलंत, नेहमीसारखं चिठ्ठीविना. त्यातून एक गेंडा भुंगा निघाला. तुमच्या माडांचे शेंडे खातो तोच. काळा, ठेंगणा, नाकावर शिंग, उडताना जुन्या मिक्सरची घरघर. त्याच दिवशी तिची अविधवा नवमी. गॅलरीत कावळ्यासाठी पान ठेवलं (कावळे कुठले, सगळी कबुतरं), तर वर भिंतीवर वीतभर रुंद ॲटलास पतंग! तपकिरी-केशरी, काठाला नक्षी, जणू तिची ठेवणीतली पैठणी. मला शाळेतल्या सगळ्या कविता आठवल्या, दोन म्हटल्याही. सूनबाई मनवा म्हणाली, "बाबा, आईच आल्या!" शेजारच्या दुर्गाकाकू म्हणाल्या, "लतिका? आणि इतका वेळ गप्प?" मनवानं मोबाईलवर पाहिलं. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. थोडे दिवस नुसता दिसतो आणि जातो. मी मनात काकूंची बाजू घेतली.

पानाला कोणी शिवेना. मग रीतीप्रमाणे हात जोडून एकेक कबूल करत गेलो. गोळ्या वेळेवर घेईन. पतंग ढिम्म. कविता हळू म्हणेन. ढिम्म. "अहो, खरं काय ते बोला," काकू करवादल्या, "आमची पानं खोळंबलीत!" शेवटी म्हटलं, दत्तारामशी अबोला सोडतो. (यशोधन-मनवाच्या लग्नात मी रचलेल्या मंगलाष्टकांच्या सातव्या कडव्यालाच तुम्ही वाजंत्र्यांना खूण केलीत. आठवं सर्वांत सरस होतं.) तोच पोत्यामागून घरघर झाली आणि भुंगा थेट पानावरच्या खिरीत! उताणा पडून, पाय झाडत, चुं चुं करून भांडत. पान शिवलं म्हणत मनवानं आमची पानं वाढली.

लोभ जिथं थांबला होता तिथून पुढे चालू करावा.

आपला,
हेरंब

ता. क. भाऊबीजेला या. पाट तिच्या फोटोसमोर मांडू. उरलेली कडवी मला अजून पाठ आहेत, आणि इथं वाजंत्री नाहीत.

ता. क. पतंग आठवड्यात गेला. भुंगा धुऊन, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलाय, केळं खातो. जाताना त्याला माहेरी न्या. माडांचे शेंडे खाल्ले तर रागावू नका. माहेरी कोणी बोललेलं तिला खपत नसे.