ड्रायव्हरकडची लांब पट्टी

३ जुलै, बुधवार

म्हातारा डोक्यात जातो! कामावर निघाले, तर सासरेबुवा गाडीसमोर पाण्याचा मग घेऊन उभे. भसकन काचेवर पाणी मारलं. "चालव वायपर." चालवले. कर्र-कर्र करत इकडून तिकडे गेले, आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर पाण्याचा फराटा तसाच. "दहापैकी तीन," म्हणे.

जन्मभर हेडमास्तरकी केली. आता शाळा उरली नाही, म्हणून माझ्या गाडीची परीक्षा. माझी गाडी — माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची. "रबर कडक झालंय. बदलून टाक." बदलणारच आहे! पुढच्या आठवड्यात मला समोरचं नीट दिसायला हवं. त्याच्या मार्कांसाठी नाही.

४ जुलै

दुकानदार म्हणाला, "वायपरच्या दोन्ही पट्ट्या लांबच घ्या ताई, काच जास्त पुसली जाते." घेतल्या, बावळटासारख्या. घरी येऊन बसवल्या, चालू केल्या — दोन्ही मधोमध एकमेकींवर आदळल्या आणि एक हुकातून निसटून बॉनेटवर पडली.

वरून टाळी! खरंच, गॅलरीत उभं राहून टाळी वाजवली म्हाताऱ्याने. "ड्रायव्हरकडची लांब असते, शेजारची आखूड. जुनी पट्टी शेजारी धरून बघायची, मग पाकीट फाडायचं." आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? दुकानदार फाडलेलं पाकीट परत घेईना. नवी माझ्या बाजूला ठेवली, शेजारी जुनीच.

५ जुलै

ठमी विचारत होती, "आजोबा तुझ्यावरच का ओरडतात? बाबांवर का नाही?" सात वर्षांच्या पोरीला कळतं ते.

७ जुलै, रविवार

आज लिहूनच टाकते. नाहीतर मीच म्हणेन, एवढा राग कशाला.

मे महिन्यात नवऱ्याने माझा हात पिरगळला. पहिल्यांदा नव्हे. पण त्या दिवशी मी ओरडले. भिंतीपलीकडे म्हातारा बातम्या बघत बसला होता. तो उठला नाही. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला! मनगट महिनाभर दुखलं, मग थांबलं. तो आवाज अजून कानात आहे. नवऱ्याची मला भीती वाटते. म्हाताऱ्याची किळस येते.

येत्या शुक्रवारी नवरा कंपनीच्या कामाला पहाटे जाणार, तो रविवारीच येईल. तेवढ्यात ठमीला घेऊन ताईकडे. घाट ओलांडला की तिचं गाव. तिथल्या लॅबमध्ये माझी नोकरी पक्की झाली आहे. इथे कोणाला पत्ता नाही. ठमीचे स्वेटर आणि पुस्तकं डिकीत चटईखाली, स्टेपनीभोवती कोंबली आहेत. रोज थोडं थोडं नेते.

एकच धास्ती. म्हातारा दिवसभर गाडीभोवती असतो.

९ जुलै

सासरेबुवांनी वायपरच्या रबराला तेल लावलं! "मऊ राहतं." संध्याकाळी रिमझिम लागली आणि अख्खी काच दुधाळ. समोरच्या रिक्षाचा दिवा म्हणजे नुसता लाल डाग. चौकात थांबून ओढणीने काच पुसत बसले, मागचे सगळे हॉर्न देत होते, एकाने तर खिडकीतून मुंडकं काढून माझ्या आईचा उद्धार केला.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, तुम्हाला दहापैकी किती द्यायचे?" म्हातारा खाली जाऊन साबणाच्या पाण्याने काच धूत बसला. रबर मात्र सुजलं ते सुजलंच, कडेला लहरी आल्या आहेत. बरी खोड मोडली!

१० जुलै



गाडी लावत होते. म्हातारा आला, नेहमीप्रमाणे वायपरच्या दांड्या उभ्या करायला — उन्हात रबर काचेला चिकटू नये म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाला, "असला फराटा राहिला तर घाटात वळण दिसायचं नाही."

घाट? कुठला घाट? माझं ऑफिस सपाटीवर आहे, ठमीची शाळा सपाटीवर आहे! "मी कशाला घाटात जाईन?" म्हटलं. "नाही, आपलं म्हटलं," म्हणाला आणि दांडी उभी करून निघून गेला.

त्याला माहीत आहे. डिकी उघडली असणार. आता लेकाच्या कानाला लागणार. मूग गिळून बसायचं, दुसरं काय. दोनच दिवस.

११ जुलै, गुरुवार

मेल्याने घात केला! वायपरच नाहीत!

कामावरून बसने आले (सकाळी पाऊस होता, सुजलेल्या रबराने काच पुसली जाईना, म्हणून गाडी ठेवूनच गेले). बघते तर दोन्ही पट्ट्या गायब. काचेवर जुना टॉवेल गुंडाळून ठेवलेला आणि उघड्या दांड्या त्यावर टेकवलेल्या, काच फुटू नये म्हणून. काचेची केवढी काळजी! बाहेर धो धो पाऊस. उद्याही थांबायचा नाही म्हणतात.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण नवरा घरात. जेवताना म्हातारा त्यालाच म्हणाला, "गाडीचे वायपर गेलेत. उद्या गॅरेजला टाकतो. दोन दिवस लागतील म्हणाला मेकॅनिक. खाली दिसली नाही तर बोंब मारू नकोस."

"टाका की," नवरा म्हणाला. "हिला कुठे जायचंय?" आणि दोघेही जेवत राहिले. बाप-लेक! दोघांनी मिळून मला कोंडलं. ठमी माझ्याकडे बघत होती, तिच्यासाठी दोन घास खाल्ले.

बसने जाऊ? एवढं सामान, पोर, स्टँडवर ओळखीचं कोणी भेटलं तर? जाईन. वायपर नसले तर पायी जाईन. पण जाईन.

१२ जुलै, सकाळ

नवरा गेला. खाली उतरले, तर गाडीला दोन्ही पट्ट्या. नव्या. माझ्याकडे लांब, शेजारी आखूड. काच लख्ख.

म्हातारा वर आहे, दार लावून. टीव्ही मोठ्याने चालू आहे. विचार करायला वेळ नाही. ठमी गाडीत बसली. निघते.

१२ जुलै, दुपार, ताईकडे

पोचलो. पूर्ण घाटभर पाऊस, आणि काचेवर एक फराटा नाही.

डिकी उघडली. ठमीचे स्वेटर घड्या घालून प्लॅस्टिकमध्ये बांधलेले. स्टेपनीत हवा टम्म. वर वायपरची आणखी एक जोडी, लांब पट्टीवर चिकटपट्टी आणि हेडमास्तरी अक्षर — "ड्रायव्हरची बाजू. तेल लावू नये."

टीव्हीचा तो आवाज मी माफ केलेला नाही. करणारही नाही.

आत्ता नवऱ्याचा फोन आला होता. घेतला नाही. मग मेसेज — "शेजारी म्हणतात सकाळी गाडी बाहेर गेली. बाबांना विचारलं. म्हणाले, मीच गॅरेजला नेली. कशी?"

म्हाताऱ्याला गाडी चालवता येत नाही.