ठकी चौथ्या वळणावर थांबते

रविवार, १ नोव्हेंबर १९३६

मोसमातली पहिली सफर! अकरा गाड्या जमल्या. सगळ्या विलायती, सगळ्या दहा वर्षांहून म्हाताऱ्या – आमच्या मोटार मंडळीचा नियमच तसा. अमेरिकन गाडीवाल्याला आमच्यात चहासुद्धा विचारत नाहीत. सकाळी कसारा घाट उतरून खाली जेवण, दुपारी घाट चढून घाटनदेवीपाशी नारळ, दिवेलागणीला नाशिक. सगळ्या गाड्या वर पोचल्याशिवाय नारळ फुटत नाही, हाही नियम.

बाकीच्यांच्या शेजारच्या सीटवर कोणी ना कोणी असतं. बायको, मेहुणा, भाचा. माझ्या गाडीत, ठकीत, शेजारच्या सीटवर माझी छत्री.

चढताना ठकी चौथ्या वळणावर बंद पडली. नेहमीप्रमाणे. मागच्या मॉरिसवाल्याने भोंगा वाजवला आणि बाजूने पुढे गेला. घाटातल्या पाड्यावरच्या देवरामने करवंदीच्या जाळीतून आपला ठरलेला दगड काढला, मागच्या चाकाला लावला, तेव्हा कुठे मी ब्रेकवरचा पाय उचलला. मग दोघं कठड्यावर. भात कापून झालं. ढवळ्या बैलाचा खांदा बरा आहे. तो वरच्या नाक्यावर, चढाला गाड्या ओढायला ठेवलेल्या बैलांना गवत द्यायला निघाला होता, भारा शेजारीच होता. अर्धा तास बोललो. गेल्या महिन्याभरात एकूण इतकं बोललो नसेन.

वर पोचलो तर सगळे नारळाभोवती खोळंबलेले. कोणीतरी म्हणालं, ढोर डॉक्टर, तुमच्या ठकीला जुलाब द्या. हसलो. काय करणार!

मंगळवार, ३ नोव्हेंबर

नवसाबाई पोळ्या करताना म्हणाली, साहेब तुम्ही स्वतःशीच बोलता हल्ली. साफ खोटं. ठकीशी बोलत होतो.

रविवार, ६ डिसेंबर

आज पुन्हा घाट. पुन्हा चौथं वळण. या वेळी नारळ तासभर अडला.

ही वही माझ्यामागे रद्दीत जाणार, म्हणून लिहून टाकतो. ठकी बंद पडत नाही. मी पाडतो.

पहिल्यांदा खरंच पडली होती. पाच वर्षांपूर्वी, माझी बायको यमू जाऊन तीन महिने झाले होते. पेट्रोलच्या नळीत कचरा. ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो – त्या चढावर हातब्रेक धरत नाही, उतरावं तर गाडी मागे दरीत जाणार, बसावं तर किती वेळ? तेवढ्यात देवराम दगड घेऊन आला. काही विचारलं नाही, लावला. त्याच्या बैलाचा खांदा सुजला होता, तो मी पाहिला. सरकारी नोकरीत तीस वर्षं ढोरं तपासली, हात आपोआप जातो. लेप सांगितला. त्याने रानातली करवंदं दिली. कोणी पान वाढून जेवायला बसवलं असं वाटलं.

पुढच्या खेपेला ठकी ठणठणीत. वळण जवळ येऊ लागलं, तो कठड्यावर बसलेला दिसला. थांबायला कारण काय सांगू? बामणाचा पेन्शनर म्हातारा घाटात मोटर थांबवून म्हणणार, माझ्याशी बोल? पायाजवळ पेट्रोलची तोटी असते. ती बंद केली की फर्लांगभर गाडी चालते, मग दम तोडते. तिसऱ्या वळणावर बंद केली. चौथ्यावर बरोबर थांबली! निघताना वाकून हळूच उघडतो. देवराम भोळा माणूस, त्याला यातलं काय कळतंय.

पाच वर्षं त्या गरिबाला फसवतोय. लाज वाटते. सोडवत नाही.

रविवार, २० डिसेंबर

सेक्रेटरी केरावाला यांचं पत्र, टाइप केलेलं. आपल्या गाडीमुळे रांग मोडते, मंडळींचा खोळंबा होतो. फेब्रुवारीच्या सफरीत आपली गाडी घाटात थांबल्यास आपले नाव नाइलाजाने कमी करण्यात येईल.

माणूस वाईट नाही. यमू गेली तेव्हा देवळालीहून भेटायला आला होता. पण नियम म्हणजे नियम.

नाव गेलं तर काय उरलं? महिन्याचा तो एक रविवार. बाकीचे एकोणतीस दिवस गंगापूर रोडवरचा हा बंगला, आणि चार वाजता घरी जाणारी नवसाबाई.

शनिवार, २६ डिसेंबर

ठकीला गावातच, द्वारकेला, शौकत मिस्त्रीकडे नेली. कमिटीला त्याचा दाखला हवा आहे. त्याने बॉनेट उघडलं, नळ्या फुंकल्या, गाडीखाली झोपला. बाहेर येऊन हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. "डॉक्टरसाब, गाडीत काही खोट नाही."

मी म्हटलं, मग घाटात का पडते?

त्याने चहा मागवला. दाखल्यावर लिहिलं – गाडी उत्तम.

रविवार, ३ जानेवारी १९३७

सफर त्र्यंबकला. मॉरिसचा भोंगा अडकला आणि गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाजत राहिला! लोक दुकानांतून बाहेर आले. गाढवं उधळली. केरावालांनी शेवटी भोंग्यात स्वतःची टोपी कोंबली. पोट धरून हसलो. हसता हसता शेजारी वळलो, बघितलंस का म्हणायला. छत्री.

रविवार, ७ फेब्रुवारी

तोटीला हात लावला नाही.

देवराम वळणावर होता. ठकीचा आवाज ऐकूनच उठला असणार, दगड दोन्ही हातांत घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. मी थांबलो नाही. मागे मॉरिस होती, तिच्यामागे केरावाला. देवरामने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दगड खाली ठेवला आणि बाजूला झाला. नुसता बाजूला झाला.

वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचा मान मला दिला. केरावालांनी पाठ थोपटली, म्हणाले, आता तू खरा मेंबर. पेढे होते. एक घेतला आणि तसाच रुमालात बांधला.

वळणावरून गाडीच्या आरशात मागे बघायचं होतं एकदा तरी. ते पण केलं नाही. नालायक आहे मी.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

जेवलो नाही. नवसाबाईने विचारलं, दात दुखतो का? हो म्हटलं.

रविवार, ७ मार्च

आज ठरवूनच गेलो होतो. तोटीबिटी काही नाही. चौथ्या वळणावर सरळ ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं. थांबायचं आहे म्हणून थांबलो! मागून भोंगे. केरावालांनी खिडकीतून पाहिलं, मान हलवली, पुढे गेले. सगळ्या गाड्या गेल्या.

आणि वळणावर देवराम नव्हता.

ब्रेकवर पाय दाबून बसलो. पाच वर्षांपूर्वीसारखा. उतरता येईना, जाववेना. पायाला मुंग्या आल्या. बऱ्याच वेळाने एक बाई लाकडाची मोळी घेऊन खालून आली. गाडीकडे पाहिलं, मोळी टाकली, थेट करवंदीच्या जाळीत हात घातला आणि दगड काढून चाकाला लावला. देवरामची बायको, भागीबाई. कधी पाहिली नव्हती. ती मला ओळखत होती.

देवराम कुठे विचारलं. जंगलखात्याच्या लाकडावर गेलाय म्हणाली, आठ दिवसांनी येईल. आता रविवारी घाटात येत नाही. गाडी दुरुस्त झाली म्हणून सांगत होता.

मी म्हटलं, पण गवत द्यायला तर येत असेल ना, नाक्यावर?

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नाक्यावरचे बैल जाऊन दोन वर्सं झाली, डाक्तर. गवत कोन घेतंय? भारा घेऊन यायचा, तसाच घेऊन माघारी यायचा. मी इचारलं तर म्हनायचा, रिकामा बसलो तर त्या मानसाला अवघडल्यावानी व्हईल."

 निघताना तिने दगड काढला, पदराने पुसला आणि परत जाळीत ठेवला.

रविवार, १४ मार्च

नाव कमी केल्याचं पत्र आलं. शौकतकडे जाऊन ठकीवरचा मंडळीचा पितळी बिल्ला काढून घेतला. दोन भोकं उरली. शौकत म्हणाला बुजवू का? नको म्हटलं.

रविवार, २८ मार्च

पुढच्या रविवारी एकटाच जाणार. कारण विचारलं तर कारण सांगणार. सरळ सांगणार, देवराम, तुला भेटायला आलो. पाच वर्षं खोटं बोललो, तेही सांगणार. आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं. नवसाबाईने ऐकलं बहुतेक.

रविवार, ४ एप्रिल

ऊन मरणाचं. तिसरं वळण घेतलं आणि ठकीतून वाफ आली, फुरफुरली, चौथ्यावर जेमतेम पोचून मेली. मी काहीही न करता! देवराम कठड्यावर होता, भागीबाईने सांगितलं असणार. भारा नव्हता. दगड लावला. मी घाईघाईने म्हटलं, "या वेळी खरंच बंद पडली रे."

"ठावं हाय," तो म्हणाला. "आज तोटीकडं वाकला नाय तुमी. पाच वर्सांत ही दुसरी खेप."

मग दार उघडून शेजारी बसला. छत्री मागे टाकली.