नळीतली माती

९ मार्च

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. घरी सगळे हिंडते-फिरते आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

दातांच्या डॉक्टरांची ती लाल, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा परत आली. सिग्नलला बंद पडते, चढावर धक्के खाते, सायलेन्सरमधून फटाके फोडते. मी दोन्ही कार्बोरेटर उघडले. जेट साफ केले, पेट्रोलची पातळी बघितली, गॅस्केट बदलली. हवा कुठूनच गळत नव्हती. उरलं ते दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतील असं जुळवणं, आणि ते काम बाबांचं. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. त्यात बाबांचा हात धरणारं कोणी नाही, हे तूच म्हणायचास.

काल त्यांनी डोळे मिटून इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं. मान हलवली. "झालं, जुळले." गाडी मात्र दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. ते हात धुवायला गेले, तशी मी सहज नळी कानाला लावली.

काहीच ऐकू येईना.

वाटलं, माझंच चुकतंय. इंजिन बंद करून नळीत फुंकलं, तर फुंकर पलीकडे जाईना. तार घातली, तेव्हा सुकलेल्या मातीचा गोळा बाहेर पडला. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. दादा, बंद नळीतून बाबा काय ऐकत होते?

ते नळाकडे तोंड करून उभे होते. मी हाक मारली. मग ओरडले. मग पाना फरशीवर आपटला. शेजारचा वेल्डर धावत आला. बाबा शांतपणे साबण चोळत होते.

वळले, तेव्हा माझ्या हातातली माती दिसली त्यांना. साबणाचे हात तसेच घेऊन स्टुलावर बसले.

"कधीपासून, बाबा?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी सोडेल गं?"

आईला सगळं ठाऊक होतं. म्हणून ती सारखी त्यांच्या समोर बसते, प्रत्येकाचं बोलणं पुन्हा मोठ्यानं बोलते. आणि मी तिची नक्कल करून हसायचे.

आता जे लिहायला पेन उचलत नव्हतं, ते. गेल्या महिन्यात तू फोनवर त्यांना विचारलंस, "आमचा संसार मोडलाय बाबा, मी घरी येऊ का?" आणि ते म्हणाले, "बरं बरं, तब्येतीला जप," आणि फोन ठेवून दिला. तू सांगितलंस तेव्हा मीही त्यांना दगड म्हटलं होतं.

काल विचारलं, "दादा तेव्हा काय म्हणाला होता?"

"मजेत आहे म्हणाला ना?"

मी डॉक्टरांच्या गाडीच्या धुळकट काचेवर तुझा प्रश्न बोटानं लिहिला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"आणि मी फोन ठेवला?"

एवढंच बोलले. गाडी तशीच उघडी टाकून घरी गेले, आणि तुझ्या खोलीत रचलेले टायर एकेक करून बाहेर काढायला लागले. आई मदतीला गेली, तर तिलाही हात लावू देईनात.

फोन करू नकोस, दादा. ये. त्यांच्या समोर उभा राहून बोल.

वाट बघणारी,
तुझी धाकटी