परत मांडा

सोमवार, ३

नोकरी पक्की. मॅनेजरबाईंनी सकाळी स्वतः सांगितलं आणि दुपारी खोलीची किल्लीही हातात ठेवली. बावीस वर्षं क्लबात मार्कर होतो. लोक स्नूकर खेळायचे, मी गुण लिहायचो आणि चेंडू जागेवर ठेवायचो. क्लब बंद पडल्यावर वाटलं होतं, आपल्याला आता कुत्रं विचारणार नाही. तर हे लोक स्नूकरचा व्हिडिओ गेम करतायत, आणि तो खऱ्या टेबलासारखा चालतो का हे सांगायला त्यांना जुना मार्करच हवा होता. खोली वरच्या मजल्यावर, उजेड भरपूर. एक मोठा पडदा आणि खऱ्या काठीला जोडलेली तार. काठी मारली की पडद्यावरचा पांढरा चेंडू धावतो.

ताईला फोन केला. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांच्या गोट्या मोजल्यास, आता खेळायचा पगार घे. चौदाला तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. येतो म्हटलं तर झापलं मला. नव्या नोकरीत रजा मागायची नाही, तुझे भावजी आहेत इथे.

गुरुवार, ६

डोकं उठलंय. हळू मारलेला चेंडू रेघ मारल्यासारखा सरळ जातो. खऱ्या कापडाला लव असते, शेवटच्या टप्प्यात ती चेंडूला दोन बोटं बाजूला ओढतेच. तक्रार लिहिली.

दुसरं त्याहून वाईट. ज्या चेंडूला लागायला हवं त्याला पांढरा लागलाच नाही, तर पंच मिस देतो. मग समोरचा म्हणू शकतो, परत मांडा. सगळं होतं तसं मांडायचं आणि चुकलेल्याने तोच फटका पुन्हा खेळायचा. सरळ वाट असताना लागोपाठ तीनदा चुकला, तर फ्रेम, म्हणजे तो अख्खा डाव, समोरच्याचा. मी बटण दाबून परत मांडायला लावलं, की हा गेम गुलाबी चेंडू बोटभर इकडे ठेवतो. तीनदा सांगून झालं. प्रोग्रामर पोरगेला आहे, सगळे त्याला चष्मिस म्हणतात. तो म्हणाला, काका, एवढं कोण बघतं? म्हटलं, मी बघतो. परत मांडायचं तर केसाचाही फरक नको.

मंगळवार, ११

नवी आवृत्ती आली. लव अगदी बरोबर, दोन बोटं. मिस झाल्यावर समोरच्याने परत मांडायला सांगितलं, चेंडू केसाचाही फरक न होता जागेवर. पोराने काम केलंय.

फक्त माझा चहा. पिऊन झाला होता. कप पुन्हा भरलेला, वाफा निघतायत.

चष्मिसला सांगितलं. म्हणाला, बरंय की काका, एका चहात दिवस निघेल. मग हसता हसता थांबला आणि विचारलं, परत मांडा कोण म्हणालं? परत मांडायला सांगणारा खेळाडू त्याने अजून बसवलेलाच नाही.

शुक्रवार, १४

ठीक अकराला भावजींचा फोन. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश आहेत, शुद्धीवर आल्यावरचा पहिला चहा ताईने आत जातानाच सांगून ठेवलाय. डोळे भरून आले. हलक्या मनाने काठी उचलली. एकच लाल उरलेला, लांब पण सरळ. हळूच मारला आणि लव विसरलो. मीच मागून घेतलेली लव. पांढरा लालच्या कडेने निघून गेला. मिस. परत मांडा.

चेंडू जागेवर आले. घड्याळात साडेआठ. फोनमध्ये भावजींचा कॉल नाही. मी लावला तर वैतागले. अरे, आत्ता कुठे आत नेलंय तिला, अकराला करतो म्हटलं होतं ना?

शुक्रवार, १४

परत मांडल्यावरही वहीतलं वरचं लिहिलेलं तसंच आहे, अक्षर माझंच. म्हणजे वेड लागलेलं नाही.

काठीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. दहा एकोणसाठला घड्याळ थांबलं. उन्हाची तिरीप त्याच फरशीवर. भावजींचा फोन नुसता वाजतो. चष्मिसच्या खुर्चीत कोणी नाही. जिन्यातही नाही. वायर उपटली, पडदा चालूच. फटका मारल्याशिवाय पुढचं काही होत नाही, हे मी लोकांना बावीस वर्षं सांगत आलोय.

ताई आत आहे, भूल दिलेली. तिला तिथे थांबवून ठेवलंय मी—

जोरात मारला, म्हणजे लवीचा प्रश्न नको. नेम चुकला. मिस.

परत मांडा.

शुक्रवार, १४

पडद्यावरच्या पंचाने ताकीद दिली. आणखी एकदा चुकलो तर फ्रेम समोरच्याची. फ्रेममध्ये काय काय येतं, ते विचारायचं कोणाला—

पुन्हा दहा एकोणसाठ.

हळूच मारणार. दोन बोटं डावीकडे धरून. बावीस वर्षांत असा लाल डोळे मिटून—

मारला.

हळू चाललाय, लिहायला वेळ आहे. पांढरा मधल्या खिशापाशी. अजून बाहेरच्या बाजूला. वळेल. वळतोच.

वळतोय. लाल वीतभर. लागला की अकरा वाजतील आणि भावजींचा—

फोन वाजतोय. भावजीच. पण घड्याळ अजून दहा एकोणसाठ, आणि पांढरा अजून लालला लागले—