पडद्यावरचे माझे दोन नवरे

९ नोव्हेंबर
आप्पा गेले! सकाळी बातम्यांत कळलं. झोपेतच गेले म्हणे. पडद्यावरचा माझा पहिला नवरा. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत बसले. हे म्हणजे पडद्यावरचा दुसरा — आणि घरातला एकुलता एक.

१० नोव्हेंबर
दिवसभर फोन. सगळ्यांना आमच्या मालिकेतली ती पिशवीच आठवते. पहिल्याच भागात आप्पा ऑफिसातून घरी येतात, पिशवी अडकवायला जातात, तर भिंतीला खुंटीच नाही! सुतार विसरला होता. पिशवी धपकन खाली. दिग्दर्शक ‘कट’ म्हणणार, तेवढ्यात आप्पा पिशवीला म्हणाले, “तू बैस. मला अजून कोणी बैस म्हटलेलं नाही.”
कॅमेरामनच हसत सुटला. तेव्हापासून सुताराला खुंटी ठोकायची बंदी! प्रत्येक भागात पिशवी पडायची. मी चिडकी बायको, मला हसायची परवानगी नाही. गाल आतून चावून चावून सोलवटायचे.

११ नोव्हेंबर
आप्पा मध्येच मालिका सोडून नाटकाच्या दौऱ्यावर गेले. निर्माते म्हणाले, “माणूस बदला, लोक विसरतील.” लोक कसले विसरतात! हे आले आणि प्रेक्षकांची रागावलेली पत्रं पोत्याने आली. मालिकेत मात्र कोणाला पत्ताच नाही — म्हातारी सासू, शेजारी, मी, सगळे जणू तोच माणूस समोर आहे असं वागायचे. दारातून गेला एक, आत आला दुसरा! हे बिचारे मन लावून पिशवी पाडायचे. कोणी हसायचं नाही. शेवटी पाडणंच सोडलं.
आमचं खरंखुरं लग्न झाल्यावर वाण्याने ह्यांच्यासमोरच विचारलं, “ताई, आणि ते खरे कुठे असतात?”
हे म्हणाले, “दौऱ्यावर. तोवर सामान मी उचलतो.”
तेव्हाच वाटलं, आपण माणूस बरोबर निवडला.

१३ नोव्हेंबर
आप्पांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन. रविवारी नाट्यगृहात शोकसभा. “दोघंही या हं.” हे नाही म्हणतात. “मला बघून लोकांना वाटेल, ह्याला इथेही त्यांच्या जागी आणलाय.” मी हसले. हे नाही हसले.

१४ नोव्हेंबर
अबोला. भाजी मात्र ह्यांनीच निवडून ठेवली.

१६ नोव्हेंबर
हे सभेला आले! शर्टाला इस्त्री करून, पण शेवटच्या रांगेत, खांबाआड. भाषणं लांबत गेली. मग कोणीतरी ओरडलं, “पिशवी!” वहिनी खाली उतरल्या, सरळ ह्यांच्यासमोर आल्या. हातात तीच जुनी पिशवी. “भावजी, एकदाच.”
दात उपटून घ्यायला निघावं तसे उठले. मंचावर गेले, भिंतीवर खुंटी शोधली, पिशवी धरलेला हात पुढे केला. ह्यांनी पिशवी पाडलीच नाही! खुर्चीवर बसले, मांडीवर घेतली, तिला थोपटलं. म्हणाले, “पाडणारे गेले. मी आपला धरून बसतो.”
मग वहिनी हसल्या — रडता रडताच, मोठ्याने — आणि त्यांच्यामागे सगळे. टाळ्या थांबेचनात! मालिका संपून इतकी वर्षं झाली, ह्यांच्या वाटणीचं हसू आज मिळालं. मी तर डोळे पुसायचेही विसरले.
घरी येईपर्यंत शीळ घालत होते. अगदी बेसूर. घालू देत.

१८ नोव्हेंबर
हे फिरायला गेलेत. मागे चॅनेलचा फोन आला. सभेचं चित्रण बघून मालिका परत सुरू करतायत. नवरा हेच हवेत.
बायको नवीन घेतलीय.