शेरा : 'वाहन पुढे जात नाही'

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वाहनचालक परवाना कार्यालय.

विषय : वाहन चालविण्याच्या चाचणीत इतरांस वाट दिल्यामुळे अनुत्तीर्ण ठरविल्याबाबत, व फेरचाचणी मिळण्याबाबत.

संदर्भ : निकालपत्रावरील परीक्षकांचा शेरा, 'वाहन पुढे जात नाही.'

महोदय,

१. चौकातला दिवा हिरवा होता, इंजिन चालू होते आणि गाडीत कोणीही बोलत नव्हते. परीक्षक शेजारच्या आसनावर पेनाचे टोपण काढून बसले होते. परंतु लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. बाहेर हॉर्नचा कल्लोळ आणि आत ती शांतता, पाहुण्यांसमोर घरातल्या दोघांचे बिनसावे तशी. त्या अवघडलेपणातच दिवा पुन्हा तांबडा झाला. अखेर परीक्षक म्हणाले, "बाई, आपण पुढे चाललोय की मागे?" अर्जदारास खोटे बोलणे उचित वाटले नाही. "सर, आजूबाजूच्यांच्या मानाने म्हणाल, तर मागे."

२. असे का झाले, ते सादर करण्याची परवानगी असावी. सदर चौकाच्या अलीकडे दोन मार्गिकांची एक होते. तेथे एक गाडी इकडची, एक तिकडची, अशा क्रमाने शिरावे, हा नियम आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवर रंगविलेला आहे. त्यानुसार अर्जदाराने एका पावाच्या गाडीस वाट दिली. तिच्या चालकाने हात वर करून आभार मानले. त्या सकाळी त्या रस्त्यावर दिसलेली ती एकमेव कविता होय. परंतु त्याच्या मागच्यांनी ते निमंत्रण सहकुटुंब सहपरिवार असल्याचे गृहीत धरले आणि एकामागोमाग एक आत आले. अर्जदार दारात उभ्या असलेल्या यजमानाप्रमाणे 'या, या' करीत राहिली.

३. अर्जदार ही आधुनिक कवितेची पदवीधर असून सदर पदवीवर कोणतेही वाहन चालत नाही. अर्जदाराच्या आत्याचा टेम्पोतून काचा व आरसे पोहोचविण्याचा व्यवसाय आहे. आत्याचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत. दाबताना तिच्या तोंडून जो शब्द निघतो, तो शासकीय पत्रव्यवहारात लिहिण्याजोगा नाही. भाचीस परवाना मिळाला तर टेम्पो घरात राहील, न मिळाल्यास आत्याने गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. गिऱ्हाईक त्या टेम्पोतून कोंबड्या नेणार आहे. ज्या टेम्पोच्या पाठीवरून आजवर आकाशाचे तुकडे शहरभर हिंडले, त्यात कोंबड्या याव्यात, ही कल्पना अर्जदारास सहन होत नाही. आत्यास ती सहन होते. पण तीही परवा टेम्पोचे चाक नको तितका वेळ धूत होती.

४. अर्जदाराचे शिक्षण या आत्याकडे झाले. तिचा मुख्य धडा असा : "कवयित्रीबाई, मागचा चिकटला की पुढची जागा वाढवायची. त्याला ऐनवेळी थांबता येणार नाही. मग त्याच्या वाटचं थांबणंही आपणच थांबायचं, हळूहळू." पाठीशी काचा असलेल्या माणसाने हे शिकून घ्यावेच लागते. चाचणीच्या दिवशी अर्जदाराच्या मागे एक करडी मोटार होती. ती इतकी जवळ होती, की आरशात तिचा बंपर दिसेनासा झाला होता व तिच्या चालकाच्या चष्म्यावरील अंगठ्याचा ठसा मात्र दिसत होता. अर्जदाराने धड्यानुसार पुढची जागा वाढविली. त्या जागेत कोणीतरी शिरले. पुन्हा वाढविली, पुन्हा शिरले. करडी मोटार जितकी रेटीत होती, तितके आपण सर्वजण, तिच्यासह, मागे पडत होतो. तिला पुढे जाता यावे म्हणून अर्जदाराने इशारा देऊन बाजूची मार्गिकाही धरली. तीही मागोमाग आली. तिला दुसरीकडे जावयाचेच नव्हते.

५. चाचणी संपवून अर्जदार आपल्या कार्यालयाच्या आवारात शिरली, तेव्हा सदर मोटारही शिरली आणि 'परवाना अधिकारी यांच्यासाठी राखीव' या पाटीखाली उभी राहिली. यावरून निष्कर्ष काढण्याचा अर्जदारास अधिकार नाही. घाईच्या वेळी माणूस सावली पाहून कुठेही गाडी लावतो. मोटारीतून उतरलेल्या गृहस्थांनी परीक्षकांस विचारले, "ही नापास ना?" अर्जदाराने वयाचा मान राखून, "काका, चष्मा तेवढा पुसा, उजव्या काचेवर ठसा आहे," असे सुचविले. परीक्षकांना खोकल्याची उबळ आली. वर उद्धृत केलेला शेरा त्यानंतर, करड्या मोटारीच्या टपावर कागद ठेवून, उभ्याउभ्या लिहिला गेला. परीक्षकांविषयी अर्जदाराची तक्रार नाही.

६. तरी विनंती, की फेरचाचणी त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत घेण्यात यावी. वाहन पुढे जाते किंवा नाही, हा प्रश्न एकट्या अर्जदारास न विचारता तिच्या मागे असणाऱ्यासही विचारला जावा. शक्य झाल्यास करड्या मोटारीच्या गृहस्थांना त्या दिवशी अर्जदाराच्या गाडीत मागच्या आसनावर बसण्याचे निमंत्रण द्यावे. त्यांना ती जागा फारशी नवी वाटणार नाही. आदल्या खेपेस ते जवळजवळ तेथेच होते.

७. एक घटना नोंदवावयाची राहिली. निकाल हाती आला, त्याच सुमारास आत्या अर्जदारास घेण्यासाठी आली. टेम्पोच्या मागे, बाहेर तोंड करून, एक पुरुषभर उंचीचा आरसा बांधलेला होता. असा आरसा लादलेला असला की आत्याच्या टेम्पोला सहसा कोणी चिकटत नाही. स्वतःचाच चेहरा अंगावर धावून येताना दिसला, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. टेम्पो आवाराच्या दारात आडवा उभा राहिला आणि अर्जदाराने खिडकीतून आत्यास करड्या मोटारीची हकिकत सांगितली. "कुणाचा हा डबा? हलवा आधी!" असे म्हणत सदर गृहस्थ तावातावाने त्याच्या मागे गेले आणि आरशासमोर नाकाला नाक लागेल इतक्या अंतरावर थबकले. आवारातील सर्व अर्जदार, शिकाऊ व पक्के, पाहण्यासाठी जवळ सरकले. आत्या गुडघा चोळत खाली उतरली. "पाहिलंत साहेब, कोण चिकटलंय ते?" ती म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, यात ब्रेक कुणी लावायचा? आमच्या पोरीनं?"

गृहस्थांनी चष्मा काढला. रुमालाने उजवी काच पुसली. पुन्हा घालून ते आरशात पाहू लागले, आणि मग, बुटांपासून टकलापर्यंत आपण संपूर्ण मावेपर्यंत, सावकाश मागे सरले. अर्जदाराच्या नजरेच्या अंदाजाने ते अंतर अगदी बरोबर होते. आत्या उत्तराची वाट पाहत उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, निकालपत्राकडे पाहिले, आणि ते कार्यालयाच्या पायऱ्या चढून आत निघून गेले.

आपल्यापासून योग्य अंतर राखून उभी असलेली,
आपली नम्र अर्जदार

(सही)
काचवाल्या आत्याची भाची
दिनांक : चाचणीच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
निकालपत्राची प्रत.
आत्याच्या गुडघ्यांबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
हाताएवढा आरसा, एक. कडा घासलेल्या आहेत, लागणार नाही. आत्याकडून भेट, परत करण्याची आवश्यकता नाही.